डोंगराळ भागात एक दिवसाची सायकल सहल: मोबाईलवर प्लॅन कसा करायचा?

शनिवारी रात्री ग्रुपवर मेसेज येतो, "उद्या सायकल? वाई ते भिलार, जाऊन-येऊन फक्त ३६ किमी." पाच मिनिटांत आठ जणांचे अंगठे पडतात. रोज कॉलेजला सायकलने जाणाऱ्याला ३६ किलोमीटर म्हणजे दोन-अडीच तासांचं काम वाटतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या आठातले दोघं-तिघं पसरणी घाटाच्या एखाद्या वळणावर सायकलला टेकून उभे असतात. पाणी संपलेलं, फोन २० टक्क्यांवर, आणि पाचगणी अजून "फक्त" पाच किलोमीटर.

घोळ त्या "फक्त"मध्ये आहे. मॅप अ‍ॅप उघडलं की सगळ्यात मोठ्या अक्षरात दिसतात ते किलोमीटर, आणि डोंगरात दिवस कसा जाणार हे ठरवतो चढ. तो किती आहे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी वाट्याला येतो, हे आधी बघावं लागतं. सुदैवाने खिशातल्या फोनवर हे सगळं फुकटात कळतं, फक्त कुठे बघायचं आणि कोणत्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते माहीत हवं. या लेखात आपण वाई परिसराचं उदाहरण घेऊन ते पाहू. पुण्याहून सुमारे ९० किलोमीटरवर असलेलं वाई शिकायला उत्तम, कारण इथे एकाच गावातून एक सोपी आणि एक अवघड अशा दोन सहली निघतात.

आधी गणित, मग अ‍ॅप

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटरवर आहे, पाचगणी साधारण १,२९० मीटरवर. मधलं अंतर सुमारे १२ किलोमीटर. म्हणजे १२,००० मीटर पुढे जाताना ५७० मीटर वर चढायचं. ५७० ला १२,००० ने भागून १०० ने गुणलं की ४.७५ येतात. हा झाला सरासरी चढ: पावणेपाच टक्के. कागदावर किरकोळ वाटतो, पण मधे दम खायला सपाट पट्टे फारसे नाहीत.

आता वेळ काढू. तुमचं वजन ६५ किलो, सायकल, पाणी आणि बॅग मिळून १५ किलो, एकूण ८० किलो धरा. हे वजन ५७० मीटर वर न्यायला सुमारे साडेचार लाख ज्यूल ऊर्जा लागते. सराव नसलेला धडधाकट माणूस चढासाठी सलग १०० वॅटच्या आसपास ताकद लावू शकतो असं समजलं, तर नुसत्या उंचीला ७५ मिनिटं जातात. टायरचं घर्षण, वारा आणि दोन ठिकाणचे थांबे धरले की दीड तास. म्हणजे ताशी आठ किलोमीटर. सपाटीवर पंधरा-अठराने जाणाऱ्याला हा वेग लाजिरवाणा वाटतो, पण तोच खरा आहे.

म्हणून घाटासाठी माझा ठोकताळा असा: नवखा असाल तर तासाला ३०० मीटर उंची, आठवड्याला दोन-तीनदा सायकल चालवत असाल तर ४०० ते ५००. चढाच्या भागात किलोमीटर विसरा आणि एकूण उंचीला या आकड्याने भागा. सपाट भागासाठी नेहमीचा वेग धरा. दोन्हींची बेरीज करून त्यात चहा, फोटो आणि एक पंक्चर मिळवा. पंक्चर झालं नाही तर तेवढा वेळ नफ्यात.

वाईची दुसरी सहल या हिशोबाने अगदी वेगळी निघते. वाईतून मेणवली तीनेक किलोमीटर. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट आहे, आणि घाटावर टांगलेली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर आलेली आहे. पुढे धोम गाव, तिथलं मंदिर, मग धोम धरण. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. ज्यांना आणखी हवं त्यांना धरणाच्या पाण्याकडेने बलकवडीच्या दिशेला जाता येतं. रस्ता वर-खाली होतो, पण एकदम ५७० मीटर कुठेच चढायचं नाही. दमेपर्यंत चालवून ४० किलोमीटर केले तरी ही सहल भिलारच्या ३६ पेक्षा हलकी आहे. पहिल्यांदा जात असाल तर हीच करा.

कोणतं अ‍ॅप कशासाठी?

गुगल मॅप्समध्ये भारतात २०१७ पासून दुचाकीचा पर्याय आहे, पण ती दुचाकी म्हणजे स्कूटर-मोटरसायकल. त्यात दिसणारा वेळ आपल्या कामाचा नाही. शिवाय ऑफलाईन मॅप डाऊनलोड केला तरी गुगल त्यावर गाडीचाच रस्ता सांगतं. गुगल मॅप्स वापरा ते हॉटेल, पंक्चरचं दुकान, सॅटेलाईट फोटो आणि लोकांनी टाकलेले रस्त्याचे फोटो बघायला. त्यात त्याला तोड नाही.

सायकलचा रस्ता आखायला ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी साधनं जास्त बरी. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, जगभरातल्या स्वयंसेवकांनी बनवलेला मोकळा नकाशा आहे. विकिपीडियाचं नकाशातलं भावंड म्हणा. ब्राउझरमध्ये बीराउटर उघडा, सुरुवात आणि शेवट टॅप करा, मधले बिंदू ओढून हव्या त्या रस्त्यावर आणा. खाली एलेव्हेशन ग्राफ दिसतो. कोमूट आणि स्ट्राव्हातही रूट बनवता येतो, मात्र तिथली काही फीचर्स पैसे भरल्यावर मिळतात. फोनमध्ये ऑफलाईन वापरायला ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड घ्या. पहिलं सोपं आणि हलकं, दुसऱ्यात सेटिंग्जचं जंगल आहे पण करता येत नाही असं काही नाही. माझं मत विचाराल तर नवख्याने ऑरगॅनिक मॅप्सच घ्यावं.

जीपीएक्स फाईल हा शब्द तुम्हाला सगळीकडे दिसेल. ती फक्त अक्षांश-रेखांशांची यादी असते, साध्या मजकुराच्या रूपात. एका अ‍ॅपमध्ये आखलेला रूट या फाईलमधून दुसऱ्यात नेता येतो. म्हणून रूट मोठ्या स्क्रीनवर निवांत बनवा, जीपीएक्स डाऊनलोड करा, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपला पाठवा आणि प्रत्येकाला ती आपापल्या फोनमध्ये उघडायला लावा. रस्ता एकाच फोनमध्ये असला आणि तो फोनवाला पुढे निघून गेला, की मागच्यांची काय गत होते ते सांगायला नको.

एलेव्हेशन ग्राफ खोटं का बोलतो?

हा भाग जरा तांत्रिक आहे, पण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. एकाच पसरणी घाटाला एक अ‍ॅप ५८० मीटर चढ दाखवतं आणि दुसरं ८००. खरं कोणाचं?

बरीच अ‍ॅप्स उंचीसाठी ज्या डेटावर अवलंबून असतात, तो फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानातून ११ दिवसांत रडारने घेतलेला आहे. त्यात जमिनीचे साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचे चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची. सपाट मैदानात याने काही बिघडत नाही. घाटात मात्र रस्ता डोंगराच्या कुशीत खोदलेला असतो: एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. डोंगराचा उतार ३० अंशांचा असेल तर फक्त ३० मीटर आडवं सरकल्यावर उंची १७ मीटरने बदलते. नकाशावरची रेघ खऱ्या रस्त्यापासून थोडी जरी हलली, की अ‍ॅपला वाटतं तुम्ही एकदा कड्यावर चढलात आणि एकदा दरीत उतरलात. असे खोटे चढ जमा होत जातात आणि ५७० चे ८०० होतात. बोगद्यात तर आणखी गंमत. पुणे-सातारा हायवेवर खंबाटकीचा बोगदा आहे. अ‍ॅपने बोगद्याची वेगळी दखल घेतली नाही, तर ग्राफ तुम्हाला डोंगरमाथ्यावरून नेतो. रडारला घनदाट झाडीही जमिनीसारखीच दिसते, ते वेगळंच.

यावर सोपा उपाय आहे. सलग चढाच्या घाटाच्या पायथ्याची आणि माथ्याची उंची ग्राफवर बोट ठेवून बघा आणि वजाबाकी करा. येणारं उत्तर अ‍ॅपच्या "एकूण चढ" या आकड्यापेक्षा बरंच कमी असेल तर वजाबाकीवर विश्वास ठेवा. रस्ता सारखा वर-खाली होत असेल, उदाहरणार्थ धरणाच्या कडेने, तर मात्र वजाबाकी पुरत नाही. तिथे ग्राफमधले मोठे उंचवटे एकेक करून मोजा आणि करवतीसारखे बारीक दाते सोडून द्या.

"कमाल चढ २४ टक्के" असं दिसलं की लोक घाबरतात. भारतीय रस्त्यांच्या निकषांप्रमाणे डोंगरातले रस्ते साधारण ५ ते ८ टक्क्यांच्या चढात बसवायचे असतात. जुन्या वळणांवर आतल्या बाजूला थोडा जास्त चढ लागतो, पण राज्य रस्त्यावर २४ टक्के दिसले तर तो बहुधा डेटाचा दोष आहे. गावाकडे किंवा देवळाकडे जाणाऱ्या छोट्या रस्त्यांना हे लागू नाही. ते कोणी निकष लावून बांधलेले नसतात, तिथे भिंतीसारखा चढ खरोखर असू शकतो.

जाता जाता आणखी एक. वाईत उभं राहून एखाद्या जीपीएस अ‍ॅपने उंची ६५० दाखवली तर फोन बिघडला असं समजू नका. जीपीएस पृथ्वीच्या एका गणिती आकारावरून उंची मोजतं आणि आपल्या भागात तो आकार खऱ्या समुद्रसपाटीपेक्षा साधारण साठ-सत्तर मीटर वर आहे. काही अ‍ॅप्स ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. चढ मोजताना दोन उंचींमधला फरकच घ्यायचा असल्याने आपल्याला त्याचा त्रास नाही.

चढ आधी, की उतार आधी?

वाईहून निघालात तर सकाळी थंड हवेत, ताज्या पायांनी चढ होतो. भिलारला पुस्तकांच्या गावात निवांत बसता येतं आणि परतीला पायाला काम नाही. उलट पाचगणीत मुक्काम करून "खाली मेणवली बघून येऊ" म्हणणाऱ्यांचं नेमकं वाकडं होतं. सकाळचा अर्धा तास वाऱ्यासारखा जातो, वाईत मिसळ होते, वाडा बघून होतो, आणि मग दुपारी एकच्या उन्हात तेच ५७० मीटर समोर उभे राहतात. अ‍ॅपवर मात्र दोन्ही सहलींच्या अंतरात आणि एकूण चढात फार फरक दिसत नाही! मुक्काम वरच असेल तर उजाडताच उतरा आणि दहाच्या आत परतीला लागा, किंवा वर यायला टेम्पो आधीच ठरवून ठेवा.

उताराबद्दल एवढंच: चढताना कमावलेली साडेचार लाख ज्यूल ऊर्जा खाली येताना कुठेतरी जिरते, आणि तिचा मोठा वाटा ब्रेकच्या उष्णतेत जातो. ब्रेक सतत धरून ठेवू नका, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करा, मग सोडा. निघण्याआधी ब्रेकचे रबर किंवा पॅड बघून घ्या. हेल्मेट घालायचंच.

नकाशाला माहीत नसलेल्या गोष्टी

रूट तयार झाला की तो सॅटेलाईट फोटोवर एकदा पूर्ण फिरवून बघा. ओपनस्ट्रीटमॅपवर बऱ्याच गावरस्त्यांना डांबरी की कच्चा ही माहिती भरलेलीच नसते, आणि मग अ‍ॅप आपल्या मनाने धरतं. स्ट्राव्हाचा हीटमॅपही कामाचा: ज्या रस्त्यावर लोक सायकल चालवतात तो उजळ दिसतो. रेघ नसली म्हणजे रस्ता नाही असं नव्हे, पण शंका घ्यायला कारण मिळतं.

काही गोष्टी मात्र कॅलेंडरमध्येच सापडतात. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनची बगाड यात्रा असते, पौष पौर्णिमेला मांढरदेवीची जत्रा. त्या दिवशी त्या रस्त्यांवर सायकल नेणं म्हणजे स्वतःचे आणि भाविकांचे हाल. ऊसतोडणीच्या महिन्यांत वाई-भुईंज पट्ट्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. ओव्हरटेक करताना मागची ट्रॉली विसरू नका. आणि स्ट्रॉबेरीच्या दिवसांत शनिवारी सकाळी गाड्या महाबळेश्वरकडे चढतात, रविवारी दुपारनंतर उतरतात. जमलं तर मधल्या वारी जा, नाहीतर सकाळी सातला घाट सुरू करा.

हवामानाचंही तसंच. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि वाईला त्याहून कमी. पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये एवढा फरक! अंदाज सांगणारी संगणकीय मॉडेल्स जमिनीचे कित्येक किलोमीटरचे चौकोन धरून चालतात. २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारताच्या नव्या प्रणालीचा चौकोनही ६ किलोमीटरचा आहे. पायथा आणि माथा कधीकधी एकाच चौकोनात येतात. म्हणून फक्त वाईचं हवामान बघू नका, वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर तिन्ही टाकून बघा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वीज पडायचा धोका असतो. त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलेलं दामिनी अ‍ॅप आहे, ते आसपासच्या विजांची सूचना देतं. त्याला नेटवर्क लागतं, हे लक्षात ठेवा. पावसाळ्यात घाटात धुकं असतं आणि दगडही खाली येतात. पहिली सहल तेव्हा नको.

नेटवर्क गेल्यावर काय चालतं?

जीपीएस चालतं. फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो, त्याला डेटा पॅक लागत नाही. नेटवर्क असताना जागा पटकन सापडते कारण उपग्रह कुठे आहेत ही माहिती इंटरनेटवरून मिळते. नेटवर्क नसताना तीच माहिती थेट उपग्रहाकडून यायला थोडा वेळ लागतो. अशा वेळी उघड्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, फोन रीस्टार्ट करत बसू नका. बंद पडतो तो नकाशा, म्हणून तो आधी डाऊनलोड करायचा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका डिसेंबरात बलकवडीच्या पुढे, जोरच्या बाजूला, माझ्या फोनवर पांढऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका उरला होता. नकाशा डाऊनलोड केलाय असं मी धरून चाललो होतो, तो केलेला नव्हता. नेटवर्क शोधून शोधून बॅटरी ९ टक्क्यांवर आलेली. दरीत सूर्य डोंगराआड लवकर जातो. वाईत डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, पण तिथे पाचलाच अंधारल्यासारखं झालं. गुरं घेऊन येणाऱ्या एका आजोबांनी "पाणी उजव्या हाताला ठेवून सरळ जावा" म्हणून सांगितलं, तेवढ्यावर परत आलो. सायकलला दिवा नव्हता.

तेव्हापासून घरून निघतानाच फोन एअरप्लेन मोडवर टाकून बघतो. रूट आणि नकाशा दिसला तरच पुढे. रस्त्यातही नेटवर्क नसलेल्या पट्ट्यात एअरप्लेन मोड चालू ठेवतो. जीपीएस सुरूच राहतं आणि टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. सगळ्यात जास्त बॅटरी स्क्रीन खाते, त्यामुळे हँडलवर फोन लावून दिवसभर नकाशा बघण्याऐवजी फाट्यांची नावं लक्षात ठेवा आणि तिथेच फोन काढा. राइड रेकॉर्ड करत असाल तर अँड्रॉइडच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला "अनरिस्ट्रिक्टेड" करा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर फोन ते अ‍ॅपच बंद करतो. रेकॉर्डिंग शेअर करताना घराजवळचा भाग लपवायची सेटिंग आहे, ती चालू करा.

व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत ठेवता येतं, पण नेटवर्क गेलं की घरच्यांना शेवटची जागाच दिसत राहते आणि ते उगाच घाबरतात. त्यापेक्षा सकाळीच सांगा: "या रस्त्याने जातोय, चारपर्यंत वाईत येतो, सहापर्यंत फोन नाही आला तर शोधाशोध करा." अपघात झाला तर ११२ लावा, अँब्युलन्ससाठी १०८. आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ११२ लागू शकतो, म्हणून प्रयत्न करून बघाच. जागा सांगताना अक्षांश-रेखांश साध्या एसएमएसने पाठवा. इंटरनेट चालत नाही तिथेही एसएमएस बऱ्याचदा जातो.

परत फिरायची वेळ मात्र घरी बसूनच ठरवा, घाटात नाही. भिलारच्या सहलीत मी ती साडेअकरा ठेवतो: तोपर्यंत पाचगणी आली नाही, तर असेन तिथून मागे.

घरी आल्यावर रेकॉर्ड झालेली राइड उघडा आणि पसरणीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत किती वेळ लागला ते बघा, थांबे धरून. समजा एक तास पन्नास मिनिटं लागली. ५७० ला १.८३ ने भागलं की तुमचा स्वतःचा आकडा मिळाला: तासाला साधारण ३१० मीटर. आता पुढच्या वेळी कोणी ग्रुपवर "मांढरदेवी, फक्त २० किमी" असं टाकलं, तर वाईपासून तिथला चढ साडेसहाशे ते सातशे मीटर आहे हे बघा, ३१० ने भागा, आणि निघायची वेळ सहा की सात ते तुम्हीच ग्रुपवर सांगा.